पाण्याची शीव

गावाची शीव विचारली तर जुना माणूस एखादा दगड किंवा बांधावरचे झाड दाखवितो. पाण्याची शीव मात्र अशी दाखविता येत नाही. चैत्रात जेथून बैलगाडी जाते तेथे श्रावणात गुडघाभर चिखल असतो. अशी जागा जमीन म्हणावी की पाणी? अमेरिकेत या प्रश्नाचा खल गेली पावणेदोनशे वर्षे चालू आहे. त्या इतिहासाकडे आज आपण वळणार आहोत, कारण ओल मोजण्याचे माप बदलले की लक्षावधी एकरांचे दैव कसे बदलते, हे त्यात स्वच्छ दिसते.

त्या देशात 1785 च्या कायद्यान्वये सरकारी जमिनीची मोजणी चौकोनांनी सुरू झाली. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा एक भाग, आणि त्यात एकेक चौरस मैलाचे 36 तुकडे. मोजणीदार साखळी घेऊन सरळ रेषेत चाले. वाटेत दलदल लागली की आपण कोठे आत शिरलो व कोठे बाहेर पडलो, हे वहीत टिपून ठेवी. दलदल म्हणजे तापाचे माहेरघर, अशी त्या काळची समजूत. म्हणून 1849, 1850 व 1860 साली कायदे होऊन ‘दलदलीच्या व पुराखाली जाणाऱ्या’ जमिनी राज्यांना देण्यात आल्या. त्या विकून आलेल्या पैशांतून बांध घालावेत, चर खणावेत व जमीन लागवडीस आणावी, हा हेतू. तुकड्याचा निम्म्याहून अधिक भाग ओला असेल तर सबंध तुकडा ओला, नाही तर सबंध कोरडा, असा नियम ठरला. पाणी चौकोनात साचत नाही. कायद्याने मात्र ते चौकोनात बसविले.

परिणाम काय झाला? जितकी जमीन ओली ठरेल तितका राज्याचा व पुढे खरेदीदाराचा लाभ. साहजिकच चांगली कोरडी कुरणेही कागदावर दलदल झाली. कॅलिफोर्नियात एक आख्यायिका सांगतात. एका जमीनदाराने होडी गाडीवर चढविली, तिला घोडे जुंपले, आत बसून रान पालथे घातले आणि ‘ही जमीन मी होडीतून ओलांडली’ अशी शपथ घेतली! कथा खरी असो वा रचलेली, काळाचे मर्म तिने नेमके पकडले आहे. 15 राज्यांना मिळून सुमारे साडेसहा कोटी एकर जमीन मिळाली. त्यांपैकी दोन कोटींच्या आसपास एकट्या फ्लॉरिडाला. ओहायो राज्यातील विस्तीर्ण काळी दलदल चर खणून व जमिनीखाली मातीचे नळ पुरून शेतीखाली आणली गेली. 1780 च्या दशकात देशाच्या मुख्य भूमीवर सुमारे 22 कोटी एकर पाणथळ भूमी होती. दोनशे वर्षांनी 10 कोटींच्या घरात उरली.

विसाव्या शतकात दृष्टी पालटली. पाणथळ भूमी पुराचे पाणी धरून ठेवते, गाळ अडविते, पाखरांना व माशांना आसरा देते, हे ध्यानी आले. 1972 च्या जलशुद्धीच्या कायद्याने भराव घालण्यावर परवान्याचे बंधन आले. येथे एक चमत्कारिक उलटापालट झाली. आजोबाने जी जमीन ओली म्हणून शपथेवर मिळविली, तीच कोरडी म्हणून सिद्ध करण्यात आता नातवाचे हित होते!

तेव्हा शपथेवर विसंबून चालेना. 1987 साली लष्कराच्या अभियंत्यांनी सीमा ठरविण्याची पद्धत ग्रंथरूपाने घालून दिली. तीत साक्षीदार तीन: वनस्पती, माती आणि पाणी. मोजणीदार दीडदोन फूट खड्डा घेतो व मातीचे ढेकूळ रंगांच्या पुस्तकाशी ताडून पाहतो. हे पुस्तक मन्सेल या बॉस्टनच्या कलाशिक्षकाने शोधलेल्या रंगमापनावर बेतलेले आहे. माती दीर्घकाळ पाण्याखाली राहिली की तीत हवा उरत नाही. सूक्ष्म जीव श्वसनासाठी प्राणवायूऐवजी लोहाचा गंज वापरतात, लोह विरघळून वाहून जाते आणि माती करडी पडते. मुळांच्या वाटेने हवा शिरते तेथे मात्र तांबूस डाग उमटतात. चर काढून पाणी घालविले तरी ही खूण अनेक वर्षे पुसली जात नाही. माती अशी मागची साक्ष देते, पाणी आजची देते, आणि झाडोरा या दोहोंमधली. सामान्यतः तिघांचे जुळले तरच जागा पाणथळ ठरते. मग रंगीत फिती बांधून सीमा आखतात.

तरीही वाद मिटला नाही. ‘ओली’ म्हणजे किती दिवस ओली? 1989 च्या नियमपुस्तिकेने वाढीच्या हंगामात सात दिवसांची ओल पुरेशी मानली. 1991 च्या प्रस्तावाने 15 दिवस पाणी उभे असावे किंवा 21 दिवस वरपर्यंत ओल असावी, असे सुचविले. आठपंधरा दिवसांच्या या फरकात अफाट भूमी आतबाहेर होणार होती. मोठा गदारोळ झाला, प्रस्ताव बारगळला आणि 1987 चाच ग्रंथ पुन्हा प्रमाण ठरला. पुढे 2023 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नदी-सरोवरासारख्या कायम पाण्याशी पृष्ठभागावर सलग जोडलेली पाणथळ भूमीच या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येते. मातीचा रंग होता तसाच राहिला. भूमी मात्र कायद्याबाहेर गेली.

आम्ही हे परदेशचे नवल म्हणून सांगत नाही. भारतात 2017 च्या नियमांनी भातखाचरे, मिठागरे आणि पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी बांधलेले तलाव पाणथळ भूमीच्या व्याख्येतून वगळले आहेत. गोंदियाचा सारस मात्र भातखाचरातच घरटे बांधतो. त्याला व्याख्या ठाऊक नाही. उपग्रहाच्या चित्रांवरून नोंदलेल्या दोन लाखांहून अधिक पाणथळ जागांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करावी व त्यांच्या सीमा आखाव्यात, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये राज्यांना फर्माविले. तेव्हा हे काम आता आपल्या तलाठ्याच्या, भूमापकाच्या आणि आपल्याही दारी आले आहे. पाणी कोठवर चढते हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते, आणि मातीलाही. नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी या दोघांना विचारावे, एवढेच या इतिहासाचे आपल्यापाशी मागणे आहे.