गाडीची गाळणी

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, ऑइल फिल्टर दर वेळी बदलायलाच लागतो का?" मी जरा जास्तच जोरात "हो!" म्हणालो. कारण सांगतो, पण आधी थोडा इतिहास. मास्तरांची खोड, मंडळी, चालवून घ्या.

सुरुवातीच्या मोटारींना गाळणी नव्हतीच. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी ला ना ऑइलचा पंप, ना फिल्टर. फिरतं फ्लायव्हील तेल उडवी, तेच इंजिनभर पसरे. रस्ते कच्चे, धूळ हवेबरोबर थेट सिलिंडरात. वरचेवर तेल बदलायचं, एवढाच उपाय. १९२३ च्या सुमारास अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ या अमेरिकनांनी मोटारीसाठी तेलाचा फिल्टर आणला. नाव प्युरोलेटर, म्हणजे 'प्युअर ऑइल लेटर'! १९२४ च्या क्रायस्लर सिक्सला तो, आणि हवेचा फिल्टरही, कारखान्यातूनच बसवलेला असे. तरी तो काही सगळं तेल गाळत नसे. थोडं तेल त्यातून जाई, बाकीचं तसंच इंजिनात. सगळं तेल गाळून पुढे पाठवणारे फिल्टर नंतर रुळले. १९५४ साली विक्स कंपनीने डब्यासारखा फिरवून बसवायचा फिल्टर काढला आणि मिस्त्री लोकांचे हात बरेच वाचले.

या डब्यात बहुधा एक छोटी झडप असते. कागद चोंदला की ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जातं. इंजिन कोरडं पडण्यापेक्षा घाणेरडं तेल बरं, हा हिशेब. गंमत अशी की गाडी तशीच चालत राहते, काही कळतच नाही.

मलाही कळलं नाही. १९९४ साली जुनी मारुती ८०० घेतली. तेल वेळेवर बदलायचो, वहीत तारखा आहेत. फिल्टर मात्र, "अजून चांगला दिसतोय" म्हणून, तीनदा तोच ठेवायला लावला. वाचले शे-सव्वाशे रुपये. पुढे खंबाटकी घाटात इंजिन खडखडायला लागलं. मी सगळ्यांना सांगत सुटलो, मिस्त्रीने तेलच भेसळीचं घातलं.

त्यांनी इंजिन उघडलं. काही न बोलता बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवलं आणि नखाने ओरखडे दाखवले. मग तो फिल्टर कापला. आत काळा चिखल.

काल नातवाने नव्या फिल्टरचं बिल मोबाईलवर पाठवलं. मी ते त्याच वहीत उतरवून ठेवलं.