दोषाची मोजदाद

१९०४ साली जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला आणि त्याच वर्षी इंग्लंडात जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी पहिल्या व्हॉल्व्हच्या पेटंटासाठी अर्ज केला. या दोन घटनांत परस्परसंबंध काही नाही. तथापि पुढे याच शहरात सिग्नल्सच्या जवानांना बिनतारी संदेशवहनाचे शिक्षण मिळू लागले. निरोप शुद्ध पोचावा, हा त्या विद्येचा धर्म. तिच्या लेखी ध्वनीची विकृती म्हणजे शत्रूच होय. २७ फेब्रुवारी १९४६ रोजी येथील सिग्नल्सच्या जवानांनी बंड पुकारले, तेव्हा मात्र दुसऱ्यांचे निरोप पोचविणारे हे लोक स्वतःचे गाऱ्हाणे मांडत होते.

संगीताने व्हॉल्व्हचा न्याय उलटा केला. क्षीण स्वर मोठा करणाऱ्या व्हॉल्व्हवर त्याच्या कुवतीबाहेर भार टाकला, की तरंगाचा माथा दबतो. दबलेल्या तरंगातून मूळ स्वरात नसलेले संनादी स्वर उमटतात. दुसरा संनादी म्हणजे तार षड्ज, तिसरा त्यावरील पंचम. व्हॉल्व्हमध्ये हा माथा हलके हलके गोलावतो. ट्रान्झिस्टरच्या साध्या रचनेत तो सुरीने कापावा तसा छाटला जातो व कर्कश उच्च स्वर वाढतात. १९५०च्या दशकापासून पाश्चात्त्य गिटारवादकांनी हा दोष मुद्दाम जोपासला.

आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. तंबोऱ्याची जवारी दुसरे काय करते? घोडीच्या किंचित वक्र पृष्ठावर तार घासत राहते, खाली सूत सरकवून ती जागा साधली जाते आणि एका तारेतून स्वरांचा समुदाय झंकारतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखविले, की जो संनादी नियमाप्रमाणे उमटू नये, तोही तंबोऱ्यात उमटतो. मिरजेचे कारागीर हे सूत्रावाचून, कानाने साधत आले आहेत.

पुढे व्हॉल्व्ह मागे पडला, पण त्याचा स्वर हवाच होता. मग संगणकाला त्याचे अनुकरण शिकवावे लागले. १९९६ साली नॉर्मन कोरेन यांनी व्हॉल्व्हमधील प्रवाहाचे सुधारित सूत्र मांडले. परंतु सूत्राने काम संपत नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या यंत्रात २२,०५० कंपनांपलीकडचे संनादी मावत नाहीत. ते उलटून खाली येतात आणि बेसूर होतात. यास्तव चौपट वा आठपट नमुन्यांवर गणित करून वरचा भाग गाळावा लागतो. शिवाय जोराचा आघात झाला, की जुन्या यंत्राचा वीजपुरवठा क्षणभर खचत असे. तो खचही हिशेबात धरावा लागतो.

ज्याला अभियंत्यांनी आयुष्यभर हाकलले, त्याचीच अशी कसोशीने मोजदाद व्हावी, हा काळाचा न्याय आहे. व्हॉल्व्ह जाण्यापूर्वी त्याचे मोजमाप टिपणारे भेटले, म्हणून त्याचा स्वर पुन्हा उभा करता आला. जवारी लावणाऱ्या हाताचे ज्ञान अजून बहुतांशी त्या हातातच आहे. तेही वेळीच टिपून ठेवले पाहिजे. एरव्ही उद्याच्या यंत्राला तंबोऱ्याचा स्वर आठवेल, पण तो कसा लावीत हे सांगणारा कोणी उरणार नाही.