कोल्हापुरात घडलेला कॅमेरा

बाबूराव पेंटर यांनी १९१८ मध्ये कोल्हापुरात पूर्ण केलेला कॅमेरा हा भारतीय बनावटीचा पहिला सिने-कॅमेरा मानला जातो. आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत; 'पेंटर' हे नाव त्यावरूनच रूढ झाले. दादासाहेब फाळके यांनी लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यावर 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि १९१३ मध्ये तो मुंबईत लागला. त्यानंतर आनंदराव आणि बाबूराव यांनी चित्रपटाचा ध्यास घेतला. मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी जुना प्रोजेक्टर आणला. पहिल्या महायुद्धामुळे परदेशी यंत्रे मिळेनाशी झाली होती, म्हणून कॅमेरा घरीच करायचे ठरले. आनंदराव १९१६ मध्ये वारले. उरलेले काम बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून तडीस नेले.

प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांची मूळ यंत्रणा एकाच जातीची असते. फिल्म एक चौकट पुढे सरकते, क्षणभर थांबते, पुन्हा सरकते. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा घडे. ३५ मिलिमीटर फिल्मवर दर चौकटीला चार छिद्रे असतात आणि त्यांत अडकणारे दाते ती ओढतात. लेथ आणि कानस चालवता येणाऱ्या कारागिराला ही यंत्रणा नमुना पाहून उतरवता येत असे.

भिंगाचे तसे नव्हते. भिंगाची काच भारतात स्वातंत्र्यानंतर, कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत तयार होऊ लागली. तोवर घरी घडवलेल्या कॅमेऱ्याला तयार परदेशी भिंगच बसवणे भाग होते. खरी कसोटी भिंग आणि फिल्म यांतील अंतराची. एफ ३.५ छिद्राचे भिंग दशांश मिलिमीटर जरी मागेपुढे झाले, तरी प्रकाशबिंदूचा सुमारे ०.०३ मिलिमीटरचा ठिपका होतो. पाच मीटर रुंद पडद्यावर तोच जवळजवळ सहा मिलिमीटर दिसतो.

हे अंतर कारखान्यांनाही सहजी साधले नाही. जर्मनीच्या लाइट्स कंपनीने १९३० मध्ये भिंगे बदलता येणारा लायका कॅमेरा काढला, तेव्हा प्रत्येक भिंग त्या-त्या कॅमेऱ्याला जुळवून द्यावे लागे. १९३१ मध्ये भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर ठरले आणि कोणतेही भिंग कोणत्याही कॅमेऱ्यावर चालू लागले. १९५४ च्या लायका एम-३ या रेंजफाइंडर (अंतरमापक असलेल्या) कॅमेऱ्यात ते २७.८ झाले. त्यामुळे आटे असलेली जुनी भिंगे एक मिलिमीटर जाडीच्या कड्याने नव्या कॅमेऱ्यावर बसतात. भिंगामागची सरकती कडा कॅमेऱ्यातील दांडीला नेमकी टेकत असल्याने अंतरमापकही बरोबर चालतो.

कोल्हापूरच्या कॅमेऱ्याला असे कोणतेच प्रमाण उपलब्ध नव्हते. अशा वेळी थोडे चित्रण करायचे, फिल्म धुवायची, चित्र पाहायचे आणि भिंगाची जागा पुन्हा लावायची, हाच मार्ग असे. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० मध्ये पुण्यात लागला आणि लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवले. याच कंपनीत घडलेले दामले, फत्तेलाल आणि व्ही. शांताराम पुढे १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचे संस्थापक झाले. घरच्या कॅमेऱ्याच्या स्मरणार्थ कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ कॅमेरा स्तंभ उभारलेला आहे.