विजेच्या तारांपासून विषाणूंपर्यंत

बर्लिन शहराच्या पश्चिमेस शार्लोटेनबुर्ग नांवाचा भाग आहे. तेथें १८७९ सालीं दोन जुन्या शिक्षणसंस्था एकत्र करून तंत्रविद्येचें एक विद्यापीठ स्थापण्यांत आलें. पूल, कारखाने, आगगाड्या व विजेचीं केंद्रें यांस लागणारे इंजिनियर तयार करणें हें अशा विद्यापीठाचें मुख्य कार्य. तेथील संशोधन म्हणजे धंद्याच्या अडचणी निवारण्याची खटपट, सृष्टीचीं गूढें उकलण्याचें काम मात्र शुद्ध शास्त्राच्या उपासकांचें, असा समज पुष्कळांचा असतो. हा समज किती अपुरा आहे, हें त्या विद्यापीठाच्या उच्चदाब-प्रयोगशाळेंत १९२८ ते १९३३ या काळांत जें घडलें त्यावरून चांगलें ध्यानांत येतें.

प्रयोगशाळेपुढील प्रश्न अगदीं व्यवहारांतला होता. वीज दूरवर न्यावयाची तर तिचा दाब एक लाख व्होल्टांच्याही वर चढवावा लागतो. अशा तारांवर किंवा त्यांच्या आसपास आकाशांतील वीज कोसळली, कीं दाबाची एक प्रचंड लाट तारेंतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें धांवत सुटते. चिनी मातीचे रोधक तडकतात, ट्रान्स्फॉर्मर जळतात आणि गांवेंच्या गांवें अंधारांत बुडतात. या लाटेपासून रक्षण करावयाचें तर प्रथम तिचें स्वरूप कळलें पाहिजे. परंतु सेकंदाच्या दशलक्षांश भागांत येऊन जाणारी ही लाट टिपावी कशी ? कोणताही कांटा किंवा आरसा घेतला तरी त्याला वजन असतें, आणि तो हलूं लागण्यापूर्वींच लाट निघून गेलेली असते. ज्याला जवळजवळ वजनच नाहीं असा कांटा एकच, व तो म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत. निर्वात नळींतील असा झोत विजेच्या योगानें वांकवितां येतो, हें फेर्डिनांड ब्राउन यांनीं १८९७ सालींच यंत्राच्या रूपानें दाखविलें होतें.

या नळीपासून जलद विद्युत्-लाटा टिपणारें भरंवशाचें यंत्र बनवावें, या हेतूनें प्राध्यापक आडोल्फ मत्थियास यांनीं १९२८ सालीं एक लहानसें मंडळ उभें केलें. त्याचे प्रमुख इंजिनियर माक्स क्नोल हे होत. मंडळांत येण्याचें आवाहन वर्गांत होतांच जो विद्यार्थी तत्काळ पुढें आला व ज्याचें वय सर्वांत कमी होतें, त्याचें नांव अर्न्स्ट रुस्का. रुस्का यांचा जन्म १९०६ सालीं हायडेलबर्ग येथें झाला. त्यांच्या वडिलांजवळ त्साइस कंपनीचा एक मोठा सूक्ष्मदर्शक होता. वडील मुलांना कधीं कधीं त्यांतून गमतीचे पदार्थ दाखवीत. पण कोंवळ्या हातांनीं भिंग बिघडेल या भीतीनें यंत्राच्या फिरक्यांना हात लावूं देत नसत. त्या घरांतील दोन मुलांनीं, अर्न्स्ट व त्याचा धाकटा भाऊ हेल्मुट यांनीं, पुढें सूक्ष्मदर्शकाचा इतिहासच पालटून टाकावा हा योग विलक्षण खरा.

झोत पसरट राहिला तर फोटोच्या कांचेवर स्पष्ट रेघ उमटत नाहीं. म्हणून तो एका बारीक बिंदूंत आणणें अवश्य होतें. त्यासाठीं तांब्याच्या तारेचें वेटोळें नळीभोंवतीं बसवून त्यांतून वीज सोडण्याची रीत होती. डेनिस गॅबर यांनीं याच विद्यापीठांत अशा वेटोळ्यास लोखंडी कवच घालून पाहिलें होतें. परंतु वेटोळ्यानें झोत कां एकवटतो, याचा नेमका उलगडा १९२६ सालीं हान्स बुश यांच्या गणितानें झाला. कांचेचें बहिर्गोल भिंग जें प्रकाशाचें करतें, तेंच हें वेटोळें इलेक्ट्रॉनांचें करतें, असा त्या गणिताचा निष्कर्ष होता. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, असा हा प्रकार होता. कारण अनेकांनीं वर्षानुवर्षें हें भिंग वापरलें होतें, पण तें भिंग आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें. रुस्का यांनीं १९२९ सालीं विद्यार्थिदशेंतील आपल्या प्रबंधासाठीं काटेकोर मोजमापें करून बुश यांचा सिद्धांत पडताळून पाहिला.

वेटोळें हें जर भिंग, तर दोन भिंगें एकापुढें एक ठेवल्यास सूक्ष्मदर्शक कां होऊं नये ? रुस्का १९३१ च्या आरंभीं पदवीधर झाले, तेव्हां जर्मनींत मंदीचा कहर होता. मनाजोगती नोकरी मिळण्याची आशा नव्हती. म्हणून बिनपगारी संशोधक या नात्यानें ते प्रयोगशाळेंतच राहिले. त्याच वर्षीं ७ एप्रिल रोजीं दोन वेटोळ्यांच्या साहाय्यानें एका जाळीची सुमारे १७ पट मोठी प्रतिमा उमटली. साध्या हातभिंगाच्या आवांक्यांतलीच ही गोष्ट. तथापि इलेक्ट्रॉनांनीं काढलेल्या प्रतिमेची प्रतिमा घेतां येते, हें तिनें सिद्ध केलें.

इतक्यांत एक शंका उभी राहिली. प्रकाशाच्या तरंगलांबीमुळें साध्या सूक्ष्मदर्शकास एक मर्यादा पडते. मिलिमीटरच्या पांच हजाराव्या भागाहून लहान अंतरें त्यास वेगळीं दाखवितां येत नाहींत. इलेक्ट्रॉनांनाही तरंग असतात, असें फ्रेंच शास्त्रज्ञ द ब्रॉय यांनीं १९२४ सालीं प्रतिपादिलें होतें. ही वार्ता या इंजिनियरांच्या कानीं १९३१ सालीं आली व ते प्रथम खट्टू झाले. पण आंकडेमोड करतांच, ही तरंगलांबी प्रकाशाच्या मानानें सुमारे एक लक्षांश आहे असें आढळून आलें, आणि निराशेची जागा दुप्पट उत्साहानें घेतली.

१९३३ च्या अखेरीस रुस्का यांच्या नव्या यंत्रानें १२ हजार पटींपर्यंत प्रतिमा दिल्या व प्रकाशाची मर्यादा ओलांडली. पण त्या झोतांत कापसाचा तंतु जळून कोळसा होई. जिवंत सृष्टीचे पदार्थ यांत टिकणारच नाहींत, मग यंत्राचा उपयोग काय, असें जाणते लोक म्हणूं लागले. क्नोल त्यापूर्वींच दुसऱ्या कामावर गेले होते. रुस्का यांनीही दूरचित्रवाणीच्या कारखान्यांत नोकरी धरली. तीन वर्षें ते व त्यांचे सहकारी बोडो फॉन बोरीस सरकारचे व कारखानदारांचे उंबरठे झिजवीत होते. अखेरीस हेल्मुट, जे आतां डॉक्टर झाले होते, त्यांच्या मदतीस आले. त्यांचे गुरु प्राध्यापक झीबेक यांनीं १९३६ सालीं, हें यंत्र रोगांच्या कारणांचा शोध लावण्यास मोलाचें ठरेल, असा अभिप्राय लिहून दिला. दुसऱ्याच वर्षीं सीमेन्स कंपनीनें काम अंगावर घेतलें आणि १९३९ सालीं विक्रीचीं यंत्रें बाहेर पडूं लागलीं.

त्याच सालीं तंबाखूच्या पानांवरील रोगाचा विषाणु मनुष्याच्या दृष्टीस प्रथम पडला. तोंवर त्याचा आकार कोणीं डोळ्यांनीं पाहिला नव्हता. १९४४ च्या हवाई हल्ल्यांत प्रयोगशाळा उध्वस्त झाली, पण विद्या नष्ट झाली नाहीं. रुस्का यांस १९८६ सालीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, नोबेल पारितोषिक मिळालें. क्नोल, फॉन बोरीस व हेल्मुट हे तिघेही तो दिवस पाहण्यास उरले नव्हते. २०२० सालीं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु-विज्ञान संस्थेनें भारतांतील पहिल्या निश्चित कोरोना-रुग्णाच्या घशांतील स्रावांत तो विषाणु टिपला, तो याच जातीच्या यंत्रानें. त्यांतील एक कण मिलिमीटरचा अवघा तेरा हजारावा भाग होता.

मत्थियास यांनीं आपल्या विद्यार्थ्यांपुढें जो प्रश्न ठेवला तो तारा व रोधक यांचा होता. त्या प्रश्नाचें उत्तर चोख मोजमापानें शोधतां शोधतां दुसरा, अधिक मोठा प्रश्न समोर आला, आणि या गुरूनें ‘ हें आपलें काम नव्हे ’ असें म्हटलें नाहीं. उपयुक्त संशोधन ज्ञानाच्या कोणत्या दारीं जाऊन उभें राहील, हें तें सुरू करतांना कोणासच सांगतां येत नाहीं. तें दार उघडूं द्यावें एवढें औदार्य मात्र शिकविणाऱ्याजवळ असावें लागतें.