शिष्यवृत्ती कशाची?

एसएटी ही परीक्षा अमेरिकेत १९२६ साली पहिल्यांदा झाली. १९३४ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी शिष्यवृत्त्यांसाठी तिच्याकडे पाहिलं ते चांगल्या हेतूनं. बड्या शाळांबाहेरची, लांबच्या राज्यांतली हुशार मुलं शोधायची होती. (मुलं म्हणजे मुलगेच हं. तेव्हाचं हार्वर्ड कॉलेज पुरुषांचंच.)

आता पन्नासेक वर्षं पुढं येऊ. न्यूयॉर्क राज्याच्या दोन शिष्यवृत्त्या होत्या. रीजंट्सच्या २५,०००, प्रत्येकी वर्षाला २५० डॉलर. एम्पायर स्टेटच्या फक्त १,०००, पण वर्षाला २,००० डॉलरपर्यंत, आणि तेही पाच वर्षं. साध्या घरातल्या मुलीसाठी कॉलेज गाठायचं की नाही, हे ठरवणारी ही रक्कम. शिष्यवृत्ती होती शाळेतल्या यशाबद्दल, निवड मात्र निव्वळ एसएटीवर. १९८७ साली स्पर्धेत मुलगे होते ४७ टक्के, म्हणजे मुलीच जास्त. आणि एम्पायर शिष्यवृत्त्यांपैकी ७२ टक्के गेल्या मुलग्यांकडे!

बरं, मुली अभ्यासात कच्च्या होत्या का? मुळीच नाही. वर्गातले त्यांचे गुण मुलग्यांच्या तोडीचे होते. एसएटीत मात्र त्या सरासरी ५० हून अधिक गुणांनी मागं राहत. १९८८ साली शाळेतले गुणही धरले, तर मुलींचा वाटा लगेच वाढला. तरी पुढच्या वर्षी शिक्षण खातं पुन्हा एकट्या एसएटीवर यायला निघालं. कारण काय, तर शाळाशाळांचे गुण एका मापानं तोलता येत नाहीत. हा मुद्दा अगदीच पोकळ आहे, असं मी म्हणणार नाही.

दहा विद्यार्थिनी आणि दोन संस्था कोर्टात गेल्या. खात्यानं मुद्दाम भेदभाव केला, असा त्यांचा दावाच नव्हता. फेब्रुवारी १९८९ मध्ये न्यायाधीश जॉन वॉकर यांनी एकट्या एसएटीवर वाटप करायला मनाई केली. त्यांचा तर्क मला फार महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थी कॉलेजच्या पहिल्या वर्षी कसा चालेल, याचा अंदाज घ्यायला ही परीक्षा बनली. शाळेत त्यानं काय कमावलं, हे मोजायला नव्हे. मग बक्षीस जर शाळेतल्या कामाचं, तर ते काम बघायलाच नको का?

एसएटी त्यांनी मोडीत काढली नाही. तिच्या शेजारी शाळेचे गुण ठेवायला लावले.