तेरेखोल ते लिस्बन

तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर. आहे गोव्यात, पण जमिनीने जोडलेला सिंधुदुर्गाला. केरीहून जायचे तर फेरीबोट. सावंतवाडीकरांचा हा किल्ला 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला आणि इथे हुकूम लिस्बनचा चालू लागला. हवाई अंतर सुमारे 8,300 कि.मी.! मुंबई मात्र चारशेच्या आत.

15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पुढच्या वर्षी भारताने गोव्याची नाकेबंदी केली. रेल्वे थांबली, मुंबईच्या बोटी बंद झाल्या. त्याच काळात पोर्तुगीजांनी दाबोळीला विमानतळ उभारला. तिथून विमाने कराचीला आणि पुढे लिस्बनलाही जाऊ लागली. म्हणजे सातासमुद्रापलीकडचे शहर जवळ आले आणि किरणपाणीसमोरचे आरोंदे परके झाले.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, आणि नदीवरची ती सीमा गळून पडली. 5 जानेवारी 2023 पासून आपल्या पेडण्यातल्याच मोपाहून विमाने उडू लागली. आता चवथीला मुंबईचा चाकरमानी साधारण सव्वा तासात गावच्या तालुक्यात उतरतो. त्याच्या आजोबांना हेच अंतर परवान्याशिवाय कापता येत नव्हते.