अन्नछत्र, दुष्काळी काम आणि हक्काचा रोजगार

इ. स. १८७६-७८ च्या दुष्काळाने म्हैसूर संस्थानाची केलेली हानी जनगणनेच्या आकड्यांतच नोंदलेली आहे. १८७१ मध्ये संस्थानाची लोकसंख्या ५०,५५,४१२ होती. १८८१ मध्ये ती ४१,८६,१८८ इतकीच भरली. त्या काळी संस्थान इंग्रजांच्या ताब्यात होते आणि कारभार बंगळूरहून चाले. गावे सोडून निघालेली कुटुंबे साहजिकच या शहराच्या वाटेला लागली आणि प्रारंभी सरकारचा भर शिजवलेले अन्न देणाऱ्या केंद्रांवर राहिला.

सप्टेंबर १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन संस्थानात येऊन गेला आणि धोरण पालटले. चार्ल्स एलियटची दुष्काळ आयुक्त म्हणून नेमणूक झाली. अंगात बळ असलेल्यांना अन्नछत्रांतून काढून मोठ्या बांधकामांवर धाडावे, असे ठरले. बंगळूर-म्हैसूर लोहमार्गाचे मातीकाम हे त्यांपैकी एक.

भिक्षेऐवजी श्रम, हे तत्त्व ऐकायला उचित वाटते. परंतु त्यामागील हेतू तपासला पाहिजे. श्रम ही येथे उपजीविका नव्हती, भुकेची परीक्षा होती. त्याच वर्षाच्या आरंभी रिचर्ड टेंपलने पुरुष मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि किरकोळ रोकड इतकी खाली आणली होती. मुंबई इलाख्यात मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने या दराविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. पाऊस पडला की कामे बंद होत. लोहमार्ग १८८२ मध्ये म्हैसूरला पोहोचला. संस्थानाला कायमची मिळकत लाभली, मजुराला मात्र काही महिन्यांची मजुरी.

१८८० चा दुष्काळ आयोगाचा अहवाल आणि त्यावरून सिद्ध झालेली १८८३ ची दुष्काळसंहिता यांनी हीच चौकट नियमबद्ध केली. दुष्काळ आहे की नाही हे सरकार ठरवणार आणि मग काम निघणार. मजुराच्या मागणीला तीत हक्क म्हणून स्थान नव्हते. स्वातंत्र्यानंतरही ही दृष्टी फारशी बदलली नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती आणि त्यांतील कित्येकांच्या वाट्याला खडी फोडण्याचेच काम आले.

वि. स. पागे यांच्या विचाराचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पागे यांनी ही कल्पना प्रथम सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात आजमावली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी मजुराने करायची, काम १५ दिवसांत द्यायचे, न दिल्यास भत्ता द्यायचा, असा हा उलटा क्रम होता. खर्चासाठी १९७५ पासून व्यवसायकर बसवण्यात आला. मुंबईच्या पगारदाराच्या वेतनातून मराठवाड्यातील पाझर तलावाची मजुरी निघू लागली. त्याला याची जाणीव कितपत होती, हा भाग वेगळा.

तरीही स्थैर्याचा प्रश्न सुटला नव्हता. कायद्याने हमी दिली ती अकुशल अंगमेहनतीची. वर्षानुवर्षे माती उचलूनही माणूस मजूरच राहत होता. १९९० मध्ये फळबाग लागवड योजनेशी जोडली गेली, तेव्हा प्रथमच मोठ्या प्रमाणावर श्रमाचे फळ मजुरी करणाऱ्याच्या घरात राहण्याची शक्यता निर्माण झाली: खड्डे स्वतःच्या रानात खणायचे, मजुरी शासनाकडून घ्यायची आणि पुढे आंबा, काजू, डाळिंबाचे उत्पन्न आपले. मात्र त्यासाठी रान असावे लागे. भूमिहीनाच्या वाट्याला पुन्हा शेजाऱ्याच्या बागेतले खड्डे आले.

२००५ च्या राष्ट्रीय कायद्याचा आरंभ २ फेब्रुवारी २००६ रोजी अनंतपूर जिल्ह्यातील बंडलापल्ली येथे झाला. १८७७ मध्ये होरपळलेल्या बल्लारी जिल्ह्यातूनच १८८२ मध्ये हा जिल्हा वेगळा काढण्यात आला होता. या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खासगी जमिनीवरील सिंचनाची कामे अनुसूचित जाती-जमातींची कुटुंबे, जमीनसुधारणेचे लाभार्थी आणि इंदिरा आवास योजनेचे लाभार्थी यांच्यापुरती ठेवण्यात आली होती.